वाटणीच्या दुपारी

१

शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. गणिताच्या वह्या पिशवीत कोंबून वैदेही सात रस्ता चौकात रिक्षा धरायची आणि बाराच्या सुमाराला जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवर पोचायची. ‘आपल्या’ म्हणायचं ते केवळ सवयीनं. खरेदीखतावर दोन नावं होती, कर्जाच्या कागदांवरही तीच दोन, पण ती दोन माणसं आता एका छपराखाली राहत नव्हती. ती सात रस्त्याजवळ भाड्याच्या खोलीत गेली होती. तिचा नवरा अनीश श्रीपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात केमिस्ट होता, तो तिकडच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. मधे हा तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट कुलपात पडला होता.

मारहाण नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूसही नव्हतं. अकरा वर्षांत बोलणं आटत गेलं आणि उरलं त्याचं भांडण झालं, एवढंच. घटस्फोटाचा अर्ज दोघांच्या संमतीनं कोर्टात पडला होता. बाकी सगळं ठरलं. अडलं ते घरापाशी. फ्लॅट तिलाही हवा होता, त्यालाही.

निदान सामानाची तरी वाटणी व्हावी म्हणून त्यांच्या वकील सना मुजावर यांनी वार लावून दिले होते. शनिवार वैदेहीचा, रविवार अनीशचा. जे न्यायचं ते हॉलमधल्या वहीत लिहायचं. “आणि वहीत भांडायचं नाही,” असंही सनाबाईंनी बजावलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी वैदेही बादली घ्यायला न्हाणीघराकडे गेली आणि दारातल्या पायपुसण्यावर तिचा पाय पडला.

पायपुसणं ओलं होतं.

ती पाय तसाच ठेवून उभी राहिली. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं. सोलापुरात एप्रिलमध्ये धुतलेली चादर तासाभरात कडक वाळते. अनीश येऊन सहा दिवस झाले होते. शिवाय पाण्याचा मुख्य कॉक त्यानं मार्चमध्येच बंद केलेला होता. तिनं नळ सोडून पाहिला. नळ कोरडा खोकला आणि गप्प झाला. फरशी कोरडी, बादली कोरडी. ओलं होतं ते फक्त पायपुसणं, नुकतंच कुणी अंघोळ करून बाहेर आल्यासारखं.

वरच्या मजल्यावरून झिरपत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. छताकडे मात्र पाहिलं नाही. पायपुसणं उचलून गॅलरीत टाकलं आणि वहीत लिहिलं, ‘न्हाणीत पाणी वापरलंस का?’

२

पुढच्या शनिवारी वहीत अनीशचं बारीक, उभं अक्षर होतं. ‘नाही. कॉक बंद आहे. तूच मधे कधी आली असशील.’

वैदेहीच्या कपाळाची शीर उठली. मधे कधी यायला तिला वेळ होता कुठं? पायपुसणं गॅलरीतून परत न्हाणीच्या दारात आलं होतं. तिनं वाकून हात लावला. ओलं.

म्हणजे अनीशच येतो. एकटा नाही येत. हा विचार मनात आला आणि इतका चपखल बसला की तिला भीतीच्या ऐवजी संताप आला. संताप बरा. त्याला कारण तरी असतं.

मिक्सर आणि लोखंडी तवा पिशवीत घालून ती बाहेर पडली, तर समोरच्या फ्लॅटच्या दारात गौरम्मा उभी होती. गौरम्मा मूळची अक्कलकोटकडची. नवऱ्याच्या, मडिवाळप्पाच्या, निवृत्तीनंतर तिनं घरातच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा काढला होता. तिच्या कोपरापर्यंत नेहमी पीठ असायचं. वैदेहीला बघून तिचा चेहरा फुलला.

“बाई, बरं झालं बघा. मिटलं न्हवं तुमचं?”

“काय मिटलं, अक्का?”

“तेच की. दुपारच्याला ऐकू येतंय मला. बोलणं, हसणं. तुमी असं हसताव हे ठावंच नव्हतं की मला. लई बरं वाटलं जीवाला.”

वैदेहीनं पिशवी खाली ठेवली. “अक्का, आम्ही एकत्र येतच नाही. मी शनिवारी येते आणि तो रविवारी.”

गौरम्माचं हसू ओठांवरच राहिलं. तिनं पदरानं हात पुसले आणि वैदेहीच्या खांद्यावरून बंद दाराकडे पाहिलं.

“मग बुधवारी कोण होतं ओ?”

३

त्यानंतरच्या शनिवारी वैदेही ठरवूनच गेली. काय ते आज बघायचं. दार आतून लावून घेतलं, खोल्या तपासल्या, पलंगाखालीही वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. मग आतल्या खोलीत कपाट उघडून साड्या काढत बसली.

एक वाजून गेल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला.

थप्. थप्. थप्.

भाकरी थापल्याचा आवाज. सारखा, ठेक्यातला, मधेच हलका होणारा, कारण भाकरी पातळ होत आली की हात हलका होतो. मग उलथन्याची खरड. मग जोंधळ्याचं पीठ तव्यावर जरा जळल्याचा तो वास.

वैदेही मांडीवरची साडी धरून बसून राहिली. गौरम्मा असेल. भिंतींतून येत असेल. स्वयंपाकघराची भिंत गौरम्माच्या बाजूला नाहीच, ती उलट्या टोकाला आहे, हे तिला माहीत होतं. तरी माणसाच्या मनाला काहीतरी धरायला लागतं. ती उठली, हॉलमधून दबक्या पावलांनी बाहेर गेली. गौरम्माच्या दाराला कुलूप होतं.

परत आली तेव्हा आवाज थांबलेला. स्वयंपाकघराचं दार लोटून ती आत गेली. ओटा रिकामा होता. गॅसची शेगडी आणि टाकी अनीशनं नेली होती. तवा तर तिच्याच खोलीवर, सात रस्त्याला होता. तिनं ओट्याच्या दगडावर हात ठेवला.

थंड. अजून जरा पुढं, थंड. आणि शेगडी असायची तिथं, तव्याएवढ्या गोलात, दगड गरम होता. बोटाला पीठ लागलं. बारीक, पांढरं, ताजं दळलेलं.

वैदेहीला भाकरी येत नव्हती. अकरा वर्षांत तिची एकही भाकरी चिरल्याशिवाय तव्यावर पोचली नव्हती. त्यावरून पहिल्या वर्षी दोघं हसायची, पाचव्या वर्षी टोमणे आले, नंतर गौरम्माकडून भाकरी विकत यायला लागल्या.

पुढचं तिनं कुणालाच सांगितलं नाही, बरेच दिवस. ती भिंतीला टेकून खाली बसली, अगदी क्षणभर. फरशी गार होती. कुठंतरी माणसं हळू आवाजात बोलत होती आणि ते ऐकायला बरं वाटत होतं, लहानपणी तापात पडल्यावर बाहेरच्या खोलीतलं बोलणं बरं वाटतं तसं. आता कुठंच जायला नको. आता सगळं नीट आहे.

तिनं डोळे उघडले तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते. काच तडकलेलं तिचं जुनं मनगटी घड्याळ. ते चुकत नसे. तीन तास गेले होते, आणि त्या तीन तासांत ती झोपली नव्हती.

ती पळतच खाली उतरली. साड्या, वह्या, पिशवी, सगळं वर तसंच राहिलं. आवाजाची भीती एकवेळ पचली असती. पण आत बसल्यावर तिला जे सुख वाटलं होतं, त्याची तिला भयंकर भीती वाटली.

४

सना मुजावर यांचं ऑफिस अशोक चौकात, एका चादरींच्या दुकानाच्या वर होतं. सोमवारी संध्याकाळी वैदेही आणि अनीश तिथं समोरासमोर बसली.

“मॅडम, हा घरात बाई आणतो,” वैदेही म्हणाली. ते खरं नाही हे आता तिला ठाऊक होतं, पण दुसरं काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. “वाटणी होईपर्यंत तरी धीर धरावा की.”

अनीश तिच्याकडे बघतच राहिला. तो वाळला होता. उन्हाळ्यानं असेल.

“मी आणतो? मीच विचारणार होतो तुला. तो कोण आहे?”

“तो कोण?”

“न्हाणीत अंघोळ करणारा.” त्यानं सनाबाईंकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “काल मी हॉलमध्ये पुस्तकं बांधत होतो. आत कुणीतरी अंगावर पाणी घेत होतं. तांब्या वाजत होता. शीळ घालणं चाललं होतं. मी दार ढकललं. आत कुणी नाही. पायपुसणं ओलं.”

अनीशनं आवाज खाली आणला.

“वैदेही, ती शीळ माझी होती. लग्नानंतर पहिली दोनेक वर्षं मी घालायचो. आठवतं तुला?”

तिला आठवत होतं. तिच्या तोंडाकडे बघून अनीशला उत्तर मिळालं असावं, कारण तो खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

सनाबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. पंधरा वर्षांच्या वकिलीत त्यांनी नवरा-बायकोचे नाना आरोप ऐकले होते. हा त्यांतला नव्हता.

“मी कायद्याचं तेवढं सांगते,” त्या म्हणाल्या. “कुलूप बदला. नव्या कुलपाच्या सगळ्या किल्ल्या माझ्या कपाटात राहतील. परवा बुधवारी दोघं मिळून किल्ली न्या, दोघं मिळून घर उघडा, आणि ते कोण ठेवणार हे ठरवूनच खाली उतरा. जूनच्या अठरा तारखेला कोर्टात उभं राहायचंय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “एकटं कुणी जाऊ नका. हे कायद्याचं नाही, माझं सांगणं आहे.”

५

बुधवारी दुपारी एक वाजता त्यांनी नवं कुलूप काढलं. दोन दिवस किल्ल्या सनाबाईंच्या कपाटात होत्या. कुलपाला ओरखडा नव्हता.

आत कोंडलेल्या हवेचा, धुळीचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. दोघांनाही हायसं वाटलं, आणि एकमेकांना ते कळू नये म्हणून दोघंही इकडंतिकडं बघायला लागली. हॉल आता रिकामाच होता. वर्तमानपत्रं अंथरून ती समोरासमोर बसली.

“बोल,” अनीश म्हणाला.

“काय बोलू? माझ्या पीएफमधून सुरुवातीची रक्कम गेली. मी घर सोडणार नाही.”

“आणि हप्ते कुणी भरले? सीझनला दिवस-रात्र ड्युट्या करून कुणी भरले?”

“म्हणूनच घरी नसायचास की तू. घर कसलं, लॉज होतं तुझं!”

“आणि आलो की तू तोंड फिरवून वह्या तपासत बसायचीस!”

तेच, दहा वेळा झालेलं. आवाज चढत गेले. रिकाम्या हॉलमध्ये ते दुप्पट मोठे होऊन परत येत होते. वैदेहीनं पुढचं वाक्य तोंडात आणलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

दोघांनीही तिकडं माना वळवल्या.

थप्. थप्. थप्.

अनीशचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. वैदेहीला त्या भीतीतही एक विचित्र दिलासा मिळाला. आपलं डोकं ठिकाणावर आहे.

स्वयंपाकघराचं दार चार बोटं उघडं होतं. येताना ते बंद होतं की उघडं, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. ती उठली. तोही उठला. चार पावलांवर दार, पण तिथं पोचायला फार वेळ लागला.

फटीतून दिसलं ते इतकंच. ओट्यापाशी एका बाईची पाठ, पाठीवर सैल वेणी. पुढं झुकलेला खांदा, आणि परातीवर गोल फिरणारा हात. भाकरी अखंड होती, कडेला एक चीरही नाही. मनगटावर घड्याळ होतं आणि त्याची काच तडकलेली होती. वैदेहीनं स्वतःच्या मनगटाला हात लावला. घड्याळ जागेवर होतं. दाराच्या आडोशाला, जमिनीवर, पुरुषाचा उघडा पाय, मांडी घालून जेवायला बसल्यासारखा. शेजारी ताटाची कड.

“बाहेर कोण आहे गं?” आतल्या पुरुषानं विचारलं.

आवाज अनीशचा होता. पण त्यात थकवा नव्हता.

“कुणी नाही,” बाई म्हणाली. वैदेहीनं स्वतःचा आवाज कॅसेटवर ऐकल्यासारखा ऐकला. “असंच वाजतं अधूनमधून.”

“भांडल्यासारखं वाटलं.”

“असेल कुणाचं तरी. तू जेव. गार होईल.”

आणि ती हसली. वैदेही जे कधीचं विसरली होती, ते हसू.

अनीश पुढं झाला. त्याचा हात दाराकडे गेला, आणि त्याच्या तोंडावर जो भाव होता तो वैदेहीनं ओळखला. भिंतीला टेकून बसल्यावर तिच्या अंगात भरला होता, तोच. आता कुठंच जायला नको. तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि सगळ्या ताकदीनं मागं ओढलं.

“मला बघू दे,” तो पुटपुटला.

“नको. चल, अनीश. त्यांना जेवू दे.”

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. पावलं दाराकडे आली, अनवाणी, बेफिकीर, स्वतःच्या घरात चालावीत तशी. दार हळूच लोटलं गेलं, वारा येतो म्हणून कुणी लोटावं तसं. आणि आतून कडी लागली.

त्या दाराला आतून कडी कधीच नव्हती.

६

खाली रस्त्यापलीकडे रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या बाकावर दोघं बसली. पहिला ग्लास अर्धा सांडला. दुसरा मागवला. अनीशनं एक घोट घेतला आणि सवयीनं म्हणाला, “साखर कमी आहे उसाला. अठरा टक्क्यांच्या वर जात नाही हा.”

वैदेही त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला एकदम हसू फुटलं. मग त्यालाही. रसवाला वळून बघायला लागला तरी ती दोघं हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“तुला पाहिजे का ते घर?” शेवटी त्यानं विचारलं.

“नको रे बाबा. तुला?”

“मला बी नको.”

दोन वर्षं वकील, मध्यस्थ, नातेवाईक यांना जे जमलं नव्हतं ते तिथं मिटलं. विकायचं, बँकेचं देणं भागवायचं, उरेल ते निम्मं-निम्मं. बार्शीच्या एका शाळेत वैदेहीला कधीपासून जागा मिळत होती. घराचा ताबा सुटेल म्हणून ती गेली नव्हती. आता जाईन, असं ती त्या बाकावरच म्हणाली आणि म्हणताना तिला खांदे हलके झाल्यासारखे वाटले.

पण विकायचं कुणाला? माहीत असून दुसऱ्याच्या गळ्यात घर मारणं दोघांच्याही जीवावर आलं. तो प्रश्न गौरम्मानं सोडवला. तिला धंद्याला जागा कमी पडत होती. तिनं आपणहून विचारलं, तेव्हा वैदेहीनं तिला समोर बसवून पाहिलं-ऐकलं ते सगळं सांगितलं. काही राखलं नाही.

गौरम्मा शांतपणे शेंगा निवडत होती.

“मला ठावं हाय की, बाई. दोन महिने ऐकायलीय मी. तुमी न्हवं ते, हे त्याच दिवशी कळलं मला.”

“मग भीती नाही वाटत?”

“कशाची? भांडणारी असती तर फुकट दिलं तरी घेतलं नसतं मी. ही तर गुण्यागोविंदानं नांदायलीत. आपल्या वाटंला न्हाईत, आपण त्यांच्या वाटंला जायाचं न्हाई. स्वैपाकघर मी उघडत न्हाई. बाकीच्या खोल्या पुरं हायत मला चटणीला.”

“आणि मडिवाळप्पा?”

“त्यास्नी काय, कानातलं मशीन काढून ठेवतेत दिवसभर. मी बोललेलं बी ऐकत न्हाईत ते.”

राहिलेलं सामान आणायला अनीश आणि वैदेही एकदाच वर गेली, गौरम्माला बरोबर घेऊन. स्वयंपाकघराचं दार बंद होतं. त्यांनी ते ढकलून पाहिलं नाही. आतली भांडी, डबे, आजवर कुणाच्याच यादीत न आलेलं सगळं, आतच राहिलं. अनीशनं वहीत शेवटची ओळ लिहिली, ‘स्वयंपाकघर : ज्यांचं त्यांचं,’ आणि दोघांनी खाली सह्या केल्या.

७

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गर्दी होती. फोटो झाले, अंगठे झाले. टेबलापलीकडचा कारकून दस्त वाचता वाचता थांबला.

“मिळकत रिकामी आहे असं लिहिलंय. दुसऱ्या कुणाचा ताबा, वहिवाट, काही?”

वैदेहीनं अनीशकडे पाहिलं. अनीशनं आपल्या चपलांकडे पाहिलं. कारकून वाट बघत होता.

“लिवा की न्हाई म्हणून,” मागून गौरम्मा म्हणाली. “माझी काय तक्रार न्हाई.”

सह्या झाल्या. अठरा तारखेला कोर्टातलं कामही दहा मिनिटांत आटपलं. न्यायाधीशांनी विचारलं, विचार पक्का आहे ना? दोघांनी एकदमच हो म्हटलं. सनाबाईंनी बाहेर व्हरांड्यात दोघांशी हात मिळवला आणि म्हणाल्या, “घराचं पुढं काय झालं ते मला सांगू नका.”

एसटी स्टँडवर बार्शीची गाडी लागलेली होती. अनीशनं तिची बॅग वर चढवून दिली. उतरता उतरता तो थांबला. काहीतरी मोठं बोलेल असं तिला वाटलं आणि बोलू नये असंही वाटलं. तो बोलला नाही.

“पाणी घेतलंस ना? ऊन लई आहे.”

“घेतलंय. तू बीपीच्या गोळ्या घे वेळेवर. वाळलायस.”

“घेतो.”

तो खाली उतरला, हात हलवला आणि गर्दीत मिसळला. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. कंडक्टर आला, तिनं पैसे पुढं केले.

“बार्शी. एक.”

गाडी हलली, खिडकीतून गरम वारा आत आला. दोन महिन्यांत दुपारी डोळे मिटायचा वैदेहीला धीर झाला नव्हता. आज तिनं खिडकीला डोकं टेकलं, पर्स मांडीवर घेतली, आणि वाटेतलं वैराग कधी मागं पडलं ते तिला कळलंही नाही.